हिरव्या दिव्यातली झोप

हर्षालीला जाऊन वर्ष होत आलं, तरी द्वारकाबाईला रडू आलं नव्हतं. लोक आधी म्हणाले, धक्का आहे, उतरेल. मग म्हणाले, बाई दगडाच्या काळजाची आहे. पुढं लोकांनी तेही सोडून दिलं आणि दळणाचे डबे घेऊन मुकाट्यानं येऊ लागले.

धुळ्याहून चाळीसगावकडं जाणाऱ्या महामार्गावर सावरफाटा म्हणून गाव आहे. तिथं द्वारकाबाईची पिठाची गिरणी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून गिरणीवरच तिनं पोरीला वाढवलं, पदवीपर्यंत शिकवलं. गिरणी आता पत्र्यावरच्या उन्हाच्या विजेवर चालायची, बिलाची कटकट राहिली नव्हती. पण द्वारकाबाईला त्याचंही काही वाटत नव्हतं. ज्वारी आली की ज्वारी दळायची, गहू आला की गहू. जेवणात मीठ पडलं की नाही, हे शेजारणीनं सांगितल्यावर कळायचं. जिभेवर सगळं पिठासारखंच लागायचं.

गिरणीतल्या फळीवर एक नारळ होता. अपघातानंतर पोलिसांनी पोरीच्या वस्तू दिल्या, त्यात पर्स होती, शिवलेला ब्लाऊज होता, फुटलेला मोबाईल होता, एक चप्पल होती आणि हा नारळ. स्कूटी रस्ता सोडून केळीच्या बागेत जाऊन पडली होती, तिच्या शेजारी चिखलात तो सापडला. शेंडीला हिरव्या चिंधीची गाठ. द्वारकाबाईनं पोरीला नारळ आणायला सांगितलं नव्हतं. पोरगी गेली होती शिवायला टाकलेला ब्लाऊज आणायला. मग नारळ कशाला घेतला असेल? हर्षालीनं तलाठ्याची परीक्षा दिली होती, निकाल लागायचा होता. तिनं आईला चोरून कुठला तरी नवस बोलला असणार. कुठल्या देवाला बोलली, काय मागितलं, हे आता कोण सांगणार? पुढं निकाल लागला, यादीत तिचं नाव नव्हतं. पण नारळ फळीवर राहिला. रोज सकाळी द्वारकाबाई त्याच्यावरचं पीठ पुसायची. पोरीचं एवढं एकच गुपित तिच्याकडं होतं.

ज्या ट्रकनं हर्षालीला उडवलं त्याचा चालक हिलाल नावाचा शिरपूरकडचा माणूस होता. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, लख्ख उजेडात त्यानं समोरची स्कूटी पाहिली नाही. ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. आणि त्याच्या मानेवरच्या जागपट्टीचा दिवा त्या वेळी हिरवा होता.

जागपट्टी नसलेला मालट्रक आता महामार्गावर शोधून सापडायचा नाही. बोटभर रुंदीची ती पट्टी मानेमागं चिकटवायची. तिच्यातून अगदी हलका विजेचा प्रवाह शिरांना टोचत राहायचा आणि माणसाला डुलकी लागायची नाही. पापण्या, नाडी, मेंदूच्या लहरी हे सगळं ती मोजायची आणि केबिनमध्ये दिवा लावायची. हिरवा म्हणजे जागा, लाल म्हणजे झोपाळला. विजेवरचे ट्रक आले, ते वाटेत चालता चालता चार्ज होऊ लागले. ट्रकला थांबायची गरज उरली नाही, तेव्हा माणसाला तरी कशाला थांबवायचं, असं कंपन्यांनी ठरवलं. पूर्वी चालकानं अमुक तास चालवल्यावर विश्रांती घेतलीच पाहिजे असा कायदा होता. त्याच्या जागी नवा नियम आला, की दिवा हिरवा असेल तर चालक जागा समजावा. आणि जागा असून त्यानं अपघात केला, तर तो त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा. कंपनीनं पट्टी दिली, तिथं तिची जबाबदारी संपली.

हिलालच्या कंपनीकडून साळुंखे नावाचे गृहस्थ आले ते हेच समजावायला. द्वारकाबाईचा धाकटा भाऊ युवराज त्यांना घेऊन आला होता. साळुंखे फार मऊ बोलायचे. कंपनीला दुःख आहे, कंपनी माणुसकी म्हणून चांगली मोठी रक्कम देणार आहे, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी फक्त सही करायची, की अपघात चालकाच्या हलगर्जीपणानं झाला आणि कंपनीविरुद्ध किंवा पट्टीविरुद्ध आपली तक्रार नाही. अपघाताच्या कोर्टात बाईंनी लावलेला दावा मग आपोआप निघून जाईल.

युवराज म्हणाला, "ताई, सही कर आणि मोकळी हो. हिलाल जाईल तुरुंगात. आणखी काय पाहिजे तुला?"

दळण खोळंबलंय, असं म्हणून द्वारकाबाई आत गेली.

तिची वकील होती शबाना तडवी, यावलकडची, अंगानं बारीक आणि बोलायला फटकळ. सहीचं ऐकून तिनं द्वारकाबाईला धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. म्हणाली, "सही करायची तर करा मावशी, पण आधी कशावर करताय ते ऐका."

डॉक्टर भामरे वयस्कर होते. गावाकडच्या बाईला समजेल असं बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी सांगितलं ते असं. झोप म्हणजे नुसतं डोळे मिटणं नव्हे. माणूस जागा असतो तोवर मेंदूत शीण साचत जातो, आणि तो उपसायला झोपेखेरीज दुसरा उपाय नाही. मेंदूच्या बुडाशी एक जागा आहे, तिचं काम बाकीच्या मेंदूला जागं ठेवणं. पट्टी मानेतल्या शिरांमधून त्या जागेला टोचत राहते. ती जागा उठून बसते, डोळे उघडे राहतात. पण शीण काही उपसला जात नाही. मग मेंदू तुकड्या-तुकड्यानं झोपायला लागतो. जाग्या उंदराच्या मेंदूतले छोटे-छोटे भाग मध्येच बंद पडतात, हे शास्त्रज्ञांनी पूर्वीच पाहून ठेवलं होतं. उंदीर चालत असतो, आणि आतला एखादा कोपरा झोपलेला असतो.

"तुमच्याकडं भारनियमन होतं तेव्हा काय व्हायचं?" डॉक्टरांनी विचारलं. "सगळ्या गावाला पुरेल एवढी वीज नाही, म्हणून आज या आळीची वीज बंद, उद्या त्या आळीची. तसंच हे. हाताची आळी चालू असते, स्टिअरिंग फिरतं. वर्षानुवर्षं गिरवलेल्या सवयी चालू असतात. पण समोर आलंय ते माणूस आहे हे ओळखणारी आळी अंधारात असते. एखाद्या आळीत स्वप्नही चालू असेल. पट्टी विचारते ती वेशीवरच्या राखणदाराला. तो म्हणतो, मी जागा आहे. पट्टी दिवा हिरवा करते."

शबानानं विचारलं, हे कोर्टात मांडायचं तर काय लागेल? डॉक्टर म्हणाले, शास्त्र मी सांगेन, पण कंपनीचा डॉक्टर उठून म्हणेल की हिलालच्या बाबतीत तसंच झालं कशावरून. त्या घडीला त्याचा मेंदू दुसरीकडंच होता, असं दाखवणारं काही बाहेर उरलेलं पाहिजे. आणि तसं सहसा काही उरत नाही.

निघताना द्वारकाबाईनं विचारलं, "डॉक्टर, माझ्या कुठल्या आळीची वीज गेली असेल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

हिलाल जामिनावर सुटून घरी आल्याचं द्वारकाबाईला कळलं होतं. तिनं कुणाला न सांगता एसटी धरली आणि शिरपूर गाठलं, तिथून रिक्षानं त्याच्या गावी गेली. त्याला चार शिव्या द्याव्यात, निदान त्याच्या तोंडाकडं बघून आपल्या आत काही हलतं का ते पाहावं, एवढंच मनात होतं.

हिलाल ओट्यावर बसला होता. त्याची बायको जयश्री धान्य पाखडत होती. म्हातारं माणूस उन्हातून आलं म्हणून तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, मग विचारलं, कुठून आलात. द्वारकाबाईनं पाणी पिऊन घेतलं आणि सांगितलं, "मी हर्षालीची आई."

जयश्रीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. हिलालनं मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. भीती नाही, लाज नाही. द्वारकाबाईनं तो चेहरा ओळखला. गिरणीतल्या आरशात ती रोज असाच चेहरा बघायची.

जयश्री हळूहळू बोलती झाली. पट्टी काढून वर्ष झालं, पण माणूस परत आला नाही, म्हणाली. झोपतो, पण पुरता जागा होत नाही. मागच्या महिन्यात लेक जिन्यावरून पडली, डोक्याला खोक पडली, तर हा शेजारी उभा राहून बघत होता. वाईट माणूस नाही हो मावशी, म्हणाली, पूर्वी लेकीला ठेच लागली तरी दगडाला मारायचा.

द्वारकाबाईनं हिलालला एकच विचारलं. त्या दिवशी तुला काय दिसलं?

तो सावकाश बोलला, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसा. "घाटोबा आला. पायथ्याचा पिंपळ दिसला. बुवाचं लाल उपरणं दिसलं. मी काच खाली केली, नारळ टाकला, हात जोडले. मग लोक मला ओढत होते."

"घाटोबा? तो तर चाळीसगावच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी. तू आमच्या फाट्यावर होतास."

"हो. आमचे वकील म्हणतात, हे बोलू नकोस, लोक हसतील."

इथं घाटोबाचं सांगायला हवं. कन्नडच्या घाटात चढणाऱ्या गाड्यांचा तो देव. पिंपळाखाली शेंदराचा दगड, देऊळसुद्धा नाही. जुनी रीत अशी, की घाट चढायच्या आधी चालकानं तिथं गाडी लावायची, खाली उतरायचं, तोंड धुवायचं, नारळ फोडायचा, खोबऱ्याचा तुकडा चघळत गाडीला एक फेरी मारायची, टायरला लाथ घालून बघायची. कुणी चहा घ्यायचं, कुणी पिंपळाखाली लवंडायचं. देवाला नारळ पोचायचा आणि माणसाला दम मिळायचा. पट्टी आली आणि थांबणं बंद झालं. गाडी थांबली की कंपनीकडं घंटा वाजायची. पण देवाला टाळून घाटात शिरायची कुणाची छाती होईना. म्हणून चालकांनी तोड काढली. नारळ चालत्या गाडीतूनच पिंपळाखालच्या मऊ मातीत टाकायचा आणि हात जोडायचे. तिथला बुवा तो उचलून देवापुढं फोडायचा. देवाला नारळ पोचत राहिला. उतरायचं तेवढं राहून गेलं. यात आपलं काही चुकतंय, असं कुणालाच वाटलं नाही.

द्वारकाबाई उठली तेव्हा तिची नजर दाराकडं गेली. कडीला एक चिंधी बांधलेली होती. हिरवी, काठाला पिवळी कोयरी.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"माझ्या लग्नाच्या शालूची पहिली चिंधी," जयश्री म्हणाली. "दर खेपेला शालू थोडा फाडून नारळाला बांधून द्यायचे. कुणाच्या घरचा माणूस आहे ते घाटोबाला कळायला नको का. फाडून फाडून शालू आता पंचाएवढा राहिलाय."

द्वारकाबाईनं कडीची चिंधी बोटांत धरली. कोयरीचं टोक हातानं उलगडून पाहिलं. मग पदर डोक्यावर घेऊन ती वाटेला लागली. जयश्री मागं येऊन म्हणाली, मावशी, चहा तरी. पण तिला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे.

गिरणीत आल्यावर तिनं फळीवरचा नारळ उतरवला. पीठ पुसलं. हिरवी चिंधी, पिवळी कोयरी. म्हणजे हर्षालीनं नवस बोललाच नव्हता. चाळीसगावला जाऊन पोरगी ब्लाऊज घेऊन नीट घरी येत होती, एवढंच. नारळ दुसऱ्याच्या देवाचा होता. ज्या हातानं तिला मारलं, त्याच हातानं तो टाकला होता, पिंपळ समजून केळीच्या बागेत.

तिनं युवराजला बोलावून सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. हा नारळ कोर्टात गेला तर काय होईल, हे त्याला लगेच कळलं. हिलाल झोपेत होता असं ठरेल, कंपनी अडकेल, पण हिलालच्या मानेवरचं ओझंही उतरेल. शिवाय साळुंख्यांची रक्कम गेली, आणि कोर्ट काय देईल, कधी देईल, कुणाला ठाऊक.

"तुझ्या पोरीला मारणाऱ्याला तूच सोडवणार?" तो म्हणाला. "लोक शेण घालतील तोंडात. हा नारळ नदीत सोड. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"मग कळू दे. वर्षभर माझ्या बहिणीच्या डोळ्यात रडायला म्हणून पाणी नाही, आणि माया कुणावर फुटली, तर त्या ड्रायव्हरवर."

द्वारकाबाईला माया वगैरे काही फुटलेली नव्हती. तसं ती म्हणालीही. तिला एवढंच दिसत होतं, की सही केली तर हिरवा दिवा खराच ठरणार. आज रस्त्यावरून गिरणीपुढून जाणाऱ्या प्रत्येक केबिनमध्ये तो लागलेला आहे, आणि प्रत्येक केबिनमध्ये कुणाला ना कुणाला पिंपळ दिसत असेल. पण नारळ दिला तर पोरीचं गुपित जाणार. एवढ्या दिवसांत ती त्या नारळाशी बोलायला लागली होती. काय मागितलंस गं, असं विचारायची. आता विचारायला काही उरणार नव्हतं.

युवराज रागानं निघून गेला. पुढं बरेच दिवस तो गिरणीकडं फिरकला नाही. भाऊबीजेलासुद्धा आला नाही. द्वारकाबाईनं नारळ स्वच्छ फडक्यात बांधला आणि शबानाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

अपघाताच्या कोर्टात गर्दी नसते. पंखा, फायली, आणि आपापलं माणूस गमावलेली चार-सहा माणसं बाकावर. जयश्री शालू घेऊन आली होती. तिनं तो टेबलावर पसरला, आणि शेवटच्या फाडीला नारळाची चिंधी लावून पाहिली. कोयरीचा निम्मा भाग इकडं होता, निम्मा तिकडं. दोन्ही जुळले. कंपनीचे वकील म्हणाले, असल्या चिंध्या बाजारात ढिगानं मिळतात, ही बाईनं घरी बसून बांधली नाही कशावरून? शबानानं पोलिसांचा त्याच दिवशीचा पंचनामा वाचून दाखवला. त्यात हिरव्या चिंधीसकट नारळ नोंदलेला होता. मग वकिलांनी पवित्रा बदलला. चालत्या गाडीतून नारळ टाकला, हाच तर चालकाचा हलगर्जीपणा, म्हणाले.

शबाना शांतपणे म्हणाली, "कंपनीचं म्हणणं असं, की हा माणूस पूर्ण जागा होता. पूर्ण जागा माणूस भर दुपारी केळीच्या बागेला घाटोबा समजून हात कसे जोडेल, एवढं त्यांनी सांगावं."

डॉक्टर भामऱ्यांनी आळ्यांचं आणि भारनियमनाचं सगळं पुन्हा सांगितलं. कंपनीच्या डॉक्टरला बरंच काही बोलायचं होतं, पण टेबलावर नारळ होता, आणि सगळे त्याच्याकडं बघत होते.

शेवटी न्यायाधीश बाईंनी द्वारकाबाईला उभं केलं. पोलिसांना दिलेल्या जबाबात, हा नारळ माझ्या मुलीचा आहे, असं तुम्ही म्हटलंय. आज काय म्हणता?

द्वारकाबाईनं कठड्याला धरलं. बाहेरच्या रस्त्यावरून एक अवजड गाडी गेली, खिडकीची तावदानं हलली.

"नाही बाई," ती म्हणाली. "तो तिचा नव्हता. तिचं त्यात काहीच नव्हतं."

निकाल लागायला उन्हाळा उजाडला. हिरवा दिवा म्हणजे जागेपणाचा पुरावा नव्हे, असं कोर्टानं लिहिलं. माणसाच्या झोपेची जबाबदारी पट्टीवर टाकून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असंही लिहिलं. भरपाई कंपनीवर बसवली. कंपनी वरच्या कोर्टात गेली, ते अजून चालू आहे. हिलालवरचा खटलाही चालूच आहे, फक्त त्यात आता डॉक्टरांची साक्ष आहे. पण निकालाची बातमी चालकांच्या संघटनेनं महामार्गभर पोचवली. निकाल वर टिकेल की नाही याची वाट न बघता चालकांनी घाटाच्या पायथ्याशी गाड्या थांबवायला सुरुवात केली. सगळ्यांनीच थांबवल्यावर कंपन्या घंटा तरी कुणाकुणाची वाजवणार?

कोर्टानं वस्तू परत दिल्या तेव्हा द्वारकाबाई नारळ घेऊन घाटोबाला गेली. जयश्री हिलालला घेऊन आली होती, तसं त्यांचं ठरलं होतं. पिंपळाखाली ट्रकांची रांग लागली होती. चालक उतरून नळावर तोंड धूत होते. कुणी गाडीला फेरी मारत होतं, टायरला लाथ घालून बघत होतं. त्यांच्यातल्या एकालाही हर्षालीचं नाव माहीत नव्हतं.

द्वारकाबाईनं नारळ हिलालच्या हातात दिला. तो तसाच उभा राहिला.

"फोड," ती म्हणाली. "तुझ्या देवाचा आहे. माझं काही नाही त्यात."

हिलालनं नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी नव्हतं, सुकलेला गोटा सुटून वाजत होता. बराच वेळ तो नुसता हलवत राहिला, लहान मूल खुळखुळा हलवतं तसा. मग दगडावर आपटला. करवंटी फुटली आणि अखंड गोटा मातीत घरंगळला. बुवानं तो उचलून देवाला दाखवला, विळीवर चिरला आणि तुकडे हातावर ठेवले.

द्वारकाबाईनं तुकडा तोंडात टाकला. चावता चावता ती थांबली.

"खवट आहे," ती म्हणाली.

"थुंकून टाका मावशी," जयश्री म्हणाली. "जुना झालाय तो."

द्वारकाबाईनं थुंकला नाही. ती पिंपळाच्या पारावर बसली आणि तोंड वाकडं करत सावकाश चावत राहिली. तोंडभर खवट, कडवट चव पसरत होती, आणि ती जाऊ नये म्हणून तिनं जयश्रीनं पुढं केलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही.